किरकोळ बंद, घाऊक चालू

27 मार्च 2019 च्या मध्यरात्रीनंतर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या दोन आमदारांनी प्रभारी सभापतींना एक पत्र दिलं. आमचा विधिमंडळ पक्ष भारतीय जनता पक्षात विलीन झाला आहे, असं त्यात लिहिलं होतं. गोवा विधानसभेत या पक्षाचे, म्हणजे मगोचे, आमदार होते तीन. तिसरे, सुदिन ढवळीकर, तेव्हा उपमुख्यमंत्री होते. त्यांची या पत्रावर सही नव्हती, आणि त्याच दिवशी त्यांना मंत्रिमंडळातून काढण्यात आलं. तिघांपैकी दोघे म्हणजे बरोबर दोन तृतीयांश. त्यामुळे पक्षांतरबंदी कायद्याच्या भाषेत त्या रात्री कोणीही पक्ष बदललाच नव्हता.

आमच्या घरात 1963 च्या पहिल्या निवडणुकीपासून मगोच्या सिंहावर शिक्का पडत आला. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने वाड्यावाड्यावर मराठी शाळा नेल्या, त्यातल्याच एका शाळेत मी बाराखडी गिरवली. त्यामुळे ती बातमी आमच्या घरी मयताच्या निरोपासारखी आली. सकाळी तिंठ्यावर पेपर आणायला गेलो, तर वडिलांच्या बरोबरीचे एक गृहस्थ दुकानाच्या सोप्यावर बसले होते. पेपर पुढ्यात उघडा, चष्मा कपाळावर. वाचून झालं होतं त्यांचं. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, ‘म्हाका कोणें विचारलें?’

त्यांचा हा प्रश्न घेऊन मी पुढे बरंच वाचलं, आणि फिरून फिरून एकाच माणसापाशी आलो. मधू लिमये. पुण्यात जन्मलेले, बिहारमधून निवडून गेलेले, आणि गोव्यासाठी पोर्तुगिजांचा मार खाल्लेले. जुलै 1955 मध्ये ते सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात शिरले. पोलिसांनी त्यांना बेदम मारलं. लष्करी न्यायालयाने बारा वर्षांची सक्तमजुरी सुनावली. लिमये यांनी बचाव मांडला नाही आणि अपीलही केलं नाही. ज्या सत्तेचा अधिकारच मान्य नाही तिच्यापुढे दाद कसली मागायची? दीडेक वर्षाच्या कैदेनंतर 1957 मध्ये ते सुटले. आज गोव्यात त्यांचं नाव घेतलं जातं ते मुक्तिलढ्याच्या कार्यक्रमात, हार घालण्यापुरतं. त्यांनी संसदेत पुढे जे केलं त्याचा आपल्याशी किती जवळचा संबंध आहे, हे त्या कार्यक्रमांत कोणी सांगत नाही.

1964 च्या पोटनिवडणुकीत मुंगेरमधून ते लोकसभेत गेले, 1967 मध्ये पुन्हा तिथूनच, आणि 1973 व 1977 मध्ये बांका मतदारसंघातून. सभागृहाचे नियम त्यांच्याइतके कसून वाचलेला खासदार त्या काळात विरळा. हक्कभंग, स्थगन प्रस्ताव, औचित्याचा मुद्दा, लेखी प्रश्न ही त्यांची आयुधं. मंत्र्यांना ते उभे राहिले की फाइल चाळावी लागे. पण मला इथे त्यांच्या हजरजबाबीपणाच्या गोष्टी सांगायच्या नाहीत. राज्यघटनेत काय बदलावं आणि काय बदलू नये, या वादात त्यांनी धरलेली एक बाजू सांगायची आहे. ती बाजू तेव्हा एकदा जिंकली, नंतर हरली, आणि गोव्याने त्या हरण्याची किंमत मोजली आहे.

1967 च्या निवडणुकांनंतर देशात पक्षांतराची लाट आली. ‘आयाराम गयाराम’ हा शब्द हरियाणातून त्याच वर्षी सगळीकडे गेला. संसदेच्या ठरावानुसार यशवंतराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. जयप्रकाश नारायण, हृदयनाथ कुंझरू, मोतीलाल सेटलवाड अशी माणसं तिच्यावर होती, आणि लिमयेही होते. समितीने मोजलेला आकडा असा: मार्च 1967 ते फेब्रुवारी 1968 या बारा महिन्यांत 438 पक्षांतरं. त्याहून बोलका दुसरा आकडा आहे. सात राज्यांतल्या 210 पक्षांतरित आमदारांपैकी 116 जण मंत्री झाले. म्हणजे निम्म्याहून अधिकांना उडी मारल्याचा मोबदला रोख मिळाला. म्हणून समितीच्या शिफारशींचा रोख मोबदल्यावर होता. पक्ष बदलणाऱ्याला ठरावीक काळ, किंवा तो राजीनामा देऊन पुन्हा निवडून येईपर्यंत, मंत्री करू नये. मंत्रिमंडळाचा आकार आवळावा. 1969 च्या जानेवारीत अहवाल आला. आमिष काढून घ्या म्हणजे उड्या थांबतील, असा साधा व्यवहार त्यात होता.

पुढे कायदे करणाऱ्यांनी मात्र वेगळी वाट धरली. 1973 मध्ये एक घटनादुरुस्ती विधेयक आलं, ते पुढे गेलं नाही. ऑगस्ट 1978 मध्ये जनता सरकारने दुसरं आणलं. त्यात पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणाऱ्या सदस्याची जागा जाण्याची तरतूद होती. सरकार स्वतःच्या पक्षाचं, आणि लिमये त्या पक्षाचे सरचिटणीस. तरी विधेयक मांडण्याच्या पहिल्याच पायरीवर ते आणि जनता पक्षाचेच खासदार कृष्णकांत उभे राहिले आणि त्यांनी विरोध केला. सरकारला विधेयक मागे घ्यावं लागलं.

त्यांचा आक्षेप समजून घेण्यासारखा आहे, कारण पक्षांतर चांगलं असं ते कधीच म्हणाले नाहीत. मतभेद वेगळा आणि पक्षांतर वेगळं, हा त्याचा गाभा. एखादा सदस्य आपल्याच पक्षाच्या एका विधेयकाविरुद्ध मत देतो, तेव्हा तो पक्षातच असतो, कदाचित पक्षाच्या जाहीरनाम्याशी नेत्यांपेक्षा जास्त प्रामाणिक असतो. दुसरा सदस्य मंत्रिपद घेऊन समोरच्या बाकावर जाऊन बसतो. या दोघांना एकच शिक्षा ठेवली, तर पहिला गप्प होतो आणि दुसरा वाट शोधतो.

1985 मध्ये राजीव गांधींच्या सरकारने 52 वी घटनादुरुस्ती आणली. प्रचंड बहुमत होतं, देशाचा मूड होता, दोन्ही सभागृहांनी जानेवारी संपता संपता दोन दिवसांत ती मंजूर केली. राज्यघटनेला दहावी अनुसूची जोडली गेली, तोच पक्षांतरबंदी कायदा. लिमये तेव्हा संसदेत नव्हते, 1980 नंतर ते तिथे परतलेच नाहीत. पण बाहेरून त्यांनी या कायद्याचं जे वर्णन केलं ते आजवर कोणाला खोडता आलेलं नाही: याने किरकोळ पक्षांतराला बंदी घातली आणि घाऊक पक्षांतराला कायद्याचं संरक्षण दिलं. एकट्याने गेलास तर अपात्र. एक तृतीयांश गेलात तर ती फूट, दोन तृतीयांश गेलात तर ते विलीनीकरण. 2003 च्या 91 व्या दुरुस्तीने एक तृतीयांशाची सवलत काढली, दोन तृतीयांशाची ठेवली. दुकान तेच, फक्त खरेदीचं किमान प्रमाण वाढलं.

आता गोव्याचे आकडे बघा. मार्च 2019: मगोचे तीन आमदार, गेले दोन. तिघांचे दोन तृतीयांश दोन. जुलै 2019: काँग्रेसचे पंधरा आमदार, विरोधी पक्षनेत्यासह गेले दहा. पंधराचे दोन तृतीयांश दहा. सप्टेंबर 2022: काँग्रेसचे अकरा आमदार, गेले आठ. अकराचे दोन तृतीयांश सातच्या वर जातात, म्हणून आठ लागतात. तिन्ही वेळा कायद्याला हवे तितकेच गेले. एकही जास्त नाही, एकही कमी नाही.

हे तीन आकडे एकाखाली एक लिहिले तेव्हा मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिलो. विचार बदलला म्हणून माणसं पक्ष सोडतात तेव्हा कधी चार जातात, कधी सहा, कधी एकटा जातो. विचार असा भागाकार करून बदलत नाही. इथे कायद्याने एक संख्या ठरवून दिली आणि ती संख्या भरण्याचं काम माणसांनी केलं. 2022 च्या जुलैमध्येच काँग्रेसचे आमदार फुटणार अशी कुणकुण होती, पक्षाने विरोधी पक्षनेत्याला पदावरून काढलंही. तेव्हा आकडा भरला नाही. दोन महिन्यांनी भरला. त्या दोन महिन्यांत विचारसरणीत काही घडलं असेल असं मला वाटत नाही. आठवा गडी शोधायला तेवढा वेळ लागला. पक्षांतर रोखायला केलेला कायदा पक्षांतर सामुदायिक करायला भाग पाडतो. ज्याला एकट्याला जायचं असतं त्याला तो सात जण बरोबर घ्यायला लावतो, आणि सात जण बरोबर घ्यायचे तर सात जणांना काहीतरी द्यावं लागतं.

त्याच 2022 च्या जानेवारीत काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसापाशी आणि बेतीच्या दर्ग्यात पक्ष न सोडण्याच्या शपथा घेतल्या होत्या. प्रतिज्ञापत्रंही लिहून दिली होती. गोव्यातल्या माणसासाठी देवासमोर दिलेला शब्द म्हणजे काय असतो हे मी सांगायला नको. आमच्याकडे जमिनीचे वाद देवाच्या कौलावर मिटल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. तरीही त्या शपथेचा दोष मी फक्त घेणाऱ्यांवर टाकत नाही. जिथे कायद्याचा धाक उरलेला नाही तिथे देवाला साक्षीला बोलवावं लागतं, ही वेळ आपण सगळ्यांनी आणली.

यात एका पक्षाचं पाप मोजू नये. भाजपकडे आज गेले, उद्या दुसरीकडे जातील, आणि काल काँग्रेसकडे गेले होते. जानेवारी 1980 च्या निवडणुकीत गोव्याने अर्स काँग्रेसला, म्हणजे इंदिरा गांधींपासून वेगळ्या झालेल्या देवराज अर्स यांच्या काँग्रेसला, तीसपैकी वीस जागा दिल्या. इंदिरा काँग्रेसला नाकारून दिलेला तो कौल होता. निकालाची शाई वाळायच्या आत ते आमदार इंदिरा काँग्रेसमध्ये गेले. तेव्हा दहावी अनुसूची नव्हतीच. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल 1979 मध्ये, मगोच्या शशिकला काकोडकरांचं सरकार पडलं ते स्वतःच्याच पक्षाच्या आमदारांनी साथ सोडल्यामुळे. आणि 1990 ते 2000 या काळात आपण बाराहून अधिक वेळा मुख्यमंत्र्यांचे शपथविधी पाहिले. चर्चिल आलेमाव अठरा दिवस मुख्यमंत्री होते. 1994 च्या एप्रिलमध्ये रवी नाईक यांना आठवडाही मिळाला नाही. ज्यांनी ते दशक पाहिलं त्यांना आठवत असेल, रस्त्याचं काम निघायचं आणि कंत्राटदार विचारायचा, मंत्री तोच आहे ना?

दहाव्या अनुसूचीचा अर्थ लावताना देशभरातले वकील ज्या निकालाचा दाखला देतात, तोही गोव्याचाच. रवी नाईक विरुद्ध भारत सरकार, 1994. पक्षाचा राजीनामा कागदावर दिला नसला तरी वागणुकीवरून सदस्याने पक्ष सोडला असं ठरवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितलं. आपल्या दृष्टीने त्या निकालाचा शेवट महत्त्वाचा आहे. मगोचे बांदेकर आणि चोपडेकर हे दोन आमदार, गट नसताना विरोधकांबरोबर गेले असं ठरून, अपात्रच राहिले. रवी नाईक यांची अपात्रता मात्र रद्द झाली, कारण अठरापैकी आठ आमदारांची फूट त्यांनी दाखवली होती आणि त्यासाठी सहा पुरेसे होते. न्यायालयाने कायदा होता तसा लावला. लिमये यांनी आधीच दाखवून दिलेला किरकोळ आणि घाऊक हा भेद एकाच निकालपत्रात, एकाच पक्षाच्या आमदारांच्या बाबतीत, समोर आला.

कायद्याचं दुसरं दुखणं निवाडा करणाऱ्याचं. अपात्रतेचा निर्णय सभापती देतात, आणि सभापती सत्ताधारी पक्षाचे असतात. जुलै 2019 मध्ये गेलेल्या दहा जणांविरुद्धची याचिका त्याच ऑगस्टमध्ये दाखल झाली. सभापतींचा निर्णय आला 20 एप्रिल 2021 ला. तो आमदारांच्या बाजूने होता. त्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली गेली, आणि गोवा खंडपीठाचा निकाल 24 फेब्रुवारी 2022 ला लागला: दोन तृतीयांश आमदार तयार असले की विलीनीकरणाचं संरक्षण मिळतं, मूळ पक्ष विलीन व्हायची गरज नाही. पुढच्या विधानसभेचं मतदान 14 फेब्रुवारीला होऊन गेलं होतं. म्हणजे मतदाराने आपला निर्णय आधी दिला आणि कायद्याने नंतर. त्या दहापैकी बहुतेकांना मतदारांनी विधानसभेत परत पाठवलं नाही. पण तोपर्यंत अडीच वर्षं ते मंत्री, उपमुख्यमंत्री, महामंडळांचे अध्यक्ष म्हणून राहून गेले होते.

सर्वोच्च न्यायालयात 1992 च्या किहोतो होलोहान प्रकरणात पाचांपैकी दोन न्यायमूर्तींनी हेच म्हटलं होतं की सभापतीचं पद बहुमतावर टिकून असतं, म्हणून अशा वादात तो स्वतंत्र निवाडा करणारा मानता येत नाही. 2020 मध्ये मणिपूरच्या एका प्रकरणात न्यायालयाने संसदेला सुचवलं की हे काम सभापतींकडून काढून कायमच्या न्यायाधिकरणाकडे द्यावं. संसदेने अजून ते केलेलं नाही. महाराष्ट्रात 2022 आणि 2023 मध्ये काय झालं ते वाचकांना नव्याने सांगायची गरज नाही. तिथे तर पक्षाचं नाव आणि चिन्हही गेलं.

आता व्हिप, म्हणजे सभागृहात मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश. लिमये यांच्या आक्षेपाचा हा अर्धा भाग गोव्यात कोणी बोलत नाही, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. पर्वरीच्या विधानसभेत प्रेक्षकांच्या सज्जात बसून मी एकदा शून्य तास ऐकला होता. सत्ताधारी बाकावरचा एक आमदार आपल्या गावातल्या डोंगरकापणीवर कळवळून बोलत होता. त्याच्या मतदारसंघातली माणसं सज्जात आली होती, त्यांच्याकडे त्याने एकदा वर पाहिलं. खरंच बोलत होता तो, आवाज कापत होता. मग त्याच अधिवेशनात त्याच विषयाशी संबंधित विधेयक आलं. आवाजी मतदान. तो मान खाली घालून बसून राहिला. त्याचा मला राग आला नाही. एका मताने त्याची आमदारकी गेली असती.

30 जुलै 2021 ला, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, गोव्यात तीस वर्षं राहणाऱ्याला त्याच्या घराची मालकी देऊ पाहणारं भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक असंच मंजूर झालं. विरोधक सभात्याग करून बाहेर पडले होते. त्यानंतर गावागावांत लोक उठले, सभा झाल्या, आणि सरकारला ते विधेयक पुढे नेता आलं नाही. जे काम लोकांना रस्त्यावर येऊन करावं लागलं ते सभागृहात चार सत्ताधारी आमदारांना करता आलं असतं. लोकांच्या मनात काय आहे ते त्यांना नक्की ठाऊक होतं. गोव्याच्या एका मतदारसंघात सरासरी अठ्ठावीस-तीस हजार मतदार, आमदाराला घराघरातली माणसं नावानिशी माहीत असतात. पण चार म्हणजे दोन तृतीयांश नव्हेत.

म्हणजे आज स्थिती अशी आहे की गोव्याचा आमदार म्हादईवर, खाणींवर, कोळशावर किंवा जमिनीच्या रूपांतरावर पक्षाविरुद्ध एक मत दिलं तर घरी जातो, आणि सात जण घेऊन पक्ष बदलला तर मंत्री होऊ शकतो. ही रचना बदलायला हवी असं मी म्हणतो, आणि ती कशी बदलावी याचे धागे लिमये आणि चव्हाण समितीच्या जुन्या कागदांत आहेत. व्हिपचं बंधन विश्वासदर्शक किंवा अविश्वास ठरावापुरतं आणि अर्थसंकल्पापुरतं ठेवावं. बाकी प्रत्येक विधेयकावर सदस्याला मोकळं मत देऊ द्यावं. पक्षाला राग आला तर पक्षाने त्याला पुढच्या वेळी तिकीट देऊ नये, जागा काढून घेऊ नये. विलीनीकरणाची सवलत पूर्ण काढून टाकावी. पक्ष सोडायचा तर जागा सोडावी आणि पोटनिवडणुकीला उभं राहावं, एकटा असो की आठ जण. आणि पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्रिपद, महामंडळ, काही नाही.

हे अशक्य आहे असं म्हणणाऱ्यांनी गोव्याकडेच बघावं. विश्वजित राणे 2017 मध्ये काँग्रेसच्या आमदारकीचा राजीनामा देऊन भाजपकडे गेले आणि वाळपईतून पोटनिवडणूक लढवून आले. सुभाष शिरोडकर आणि दयानंद सोपटे 2018 मध्ये गेले, तेही राजीनामा देऊन, आणि 2019 मध्ये शिरोडा आणि मांद्रे इथे मतदारांसमोर उभे राहिले. शिरोडकर तर निसटत्या मतांनी वाचले. त्यांचा निर्णय कोणाला पटो न पटो, त्यांच्या मतदारांना ‘म्हाका कोणें विचारलें?’ असं म्हणावं लागलं नाही. त्यांना विचारलं गेलं. माझी कुरबुर एवढीच की राणे यांना पोटनिवडणुकीआधीच मंत्रिपद मिळालं होतं. ते दार बंद असायला हवं. कर्नाटकात 2019 मध्ये राजीनामे देऊन सरकार पाडण्यात आलं, तेव्हा ही वाटही दुरुपयोगाची होऊ शकते हे दिसलं. मंत्रिपदाची अट घातली तर तिची चटक बरीच कमी होईल.

मंत्रिपदांचा हिशेबही गोव्यात वेगळा करायला हवा. 91 व्या दुरुस्तीने मंत्रिमंडळावर पंधरा टक्क्यांची मर्यादा घातली, पण लहान राज्यांसाठी किमान बाराची सोय ठेवली. चाळीस आमदारांच्या सभागृहात पंधरा टक्के म्हणजे सहा. आपल्याला मिळतात बारा, म्हणजे तीस टक्के. एकवीस आमदारांवर सरकार बनतं, त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना मंत्री करता येतं. आमिषाची थाळी इतकी भरलेली असताना कोण उपाशी राहील? गोवा, मिझोराम, सिक्कीम यांसारख्या राज्यांसाठी किमान संख्या आठ केली तरी राज्यकारभार चालेल. इथलं अख्खं राज्य दोन-तीन जिल्ह्यांचं. आणखी एखादा करा, तरी त्याला बारा मंत्री लागत नाहीत.

माझ्या या लेखाला एक खरा आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणं मला जमणार नाही. ज्या लिमये यांचा दाखला मी देतो, तेच 1979 मध्ये जनता पक्ष फुटला त्याच्या केंद्रस्थानी होते. जुन्या जनसंघाचे सदस्य एकाच वेळी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचेही सदस्य कसे राहू शकतात, हा दुहेरी सदस्यत्वाचा प्रश्न त्यांनी लावून धरला. जुलै 1979 मध्ये मोरारजी देसाईंचं सरकार गेलं. 1977 मध्ये ज्या लोकांनी आणीबाणी उलथवली त्यांच्या हातातलं सरकार असं गेल्याबद्दल माझ्या पिढीतल्या अनेकांनी लिमये यांना माफ केलेलं नाही. मतभेदाच्या स्वातंत्र्याची बाजू घेणाऱ्याने घाऊक फुटीत भाग घेतला, मग त्याचं ऐकायचं कशाला?

मी यावर खूप विचार केला आहे. त्यांनी स्वतः मंत्रिपद घेतलं नाही, 1977 मध्येही नाही आणि 1979 मध्येही नाही. खासदारकीचं निवृत्तिवेतन घेतलं नाही, स्वातंत्र्यसैनिकाचंही घेतलं नाही. त्यामुळे 210 पैकी 116 च्या रांगेत त्यांना बसवता येत नाही. पण एवढ्याने मी त्यांना मोकळं सोडत नाही, कारण त्यांनीच तीन वर्षांपूर्वी एक उंच माप घालून दिलं होतं. आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढवली गेली. मार्च 1976 मध्ये पाच वर्षं पूर्ण होत होती. लोकांनी दिलेला कौल पाच वर्षांचा होता, त्यापुढे बसण्याचा अधिकार आपल्याला नाही, म्हणून लिमये आणि शरद यादव या दोघांनी तुरुंगातून राजीनामे दिले. 42 व्या घटनादुरुस्तीने पुढे लोकसभेची मुदत सहा वर्षांची केली, 44 व्या दुरुस्तीने ती परत पाचवर आणली. पाचशेहून जास्त सदस्यांच्या सभागृहात, कोणी मागितलेले नसताना, दोन राजीनामे.

त्या 1976 च्या मापाने मोजायचं तर 1979 मध्ये जनता पक्षातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने, लिमये धरून, राजीनामा देऊन आपल्या मतदारसंघात जायला हवं होतं. बांकाच्या मतदारांनी त्यांना जनता पक्षाचा उमेदवार म्हणून निवडलं होतं. त्यांचा प्रश्न खरा होता असं मी मानतो. पण मतदारांना न विचारता त्याचा निकाल लावायला नको होता. मोठ्या माणसाचा मोठेपणा त्याच्या चुकीसकट घ्यावा लागतो, आणि इथे त्याची चूकही त्याच्याच नियमाने मोजता येते. म्हणूनच तो नियम मला कायद्यात हवा आहे. लिमये यांच्यासारख्या निःस्पृह माणसालाही त्या जुलैत तो आठवला नाही, मग आपल्या आमदारांना तो आपणहून आठवेल असं कसं समजायचं?

कायदा संसदेने बदलायचा आहे हे मला ठाऊक आहे. गोव्याचे लोकसभेत दोन खासदार, राज्यसभेत एक. तिघांनी मिळून काय होणार, असं लोक म्हणतात. पण 1978 मध्ये विधेयक मागे घ्यायला लावणारेही मूठभरच होते. शिवाय विधानसभेच्या हातात एक गोष्ट आहे. शुक्रवार हा खासगी सदस्यांच्या कामकाजाचा दिवस असतो, त्या दिवशी कोणीही आमदार बिनसरकारी ठराव मांडू शकतो. असे ठराव आपल्या विधानसभेने अनेक विषयांवर केले आहेत आणि दिल्लीला पाठवले आहेत. ज्या राज्याने ही जखम इतक्या वेळा सोसली, त्याच्या सभागृहातून हा ठराव गेला तर दिल्लीत निदान तो वाचला जाईल.

2027 च्या सुरुवातीला आपल्याकडे पुन्हा निवडणूक आहे. उमेदवार घरी येतील, बाल्कांवावर बसतील, चहा घेतील. रस्ता, नळ, नोकरी यांबद्दल आपण त्यांना विचारतोच. या वेळी मी एक कागद छापून ठेवणार आहे आणि त्यांच्यापुढे सहीसाठी धरणार आहे. मजकूर असा: ‘मी निवडून आलो तर पहिल्याच अधिवेशनातल्या खासगी सदस्यांच्या शुक्रवारी ठराव मांडीन की, दहाव्या अनुसूचीतला विलीनीकरणाचा परिच्छेद काढून टाकावा, व्हिप विश्वासमतापुरता आणि अर्थसंकल्पापुरता ठेवावा, आणि अपात्रतेचा निवाडा सभापतींकडून काढून घ्यावा, अशी ही विधानसभा संसदेला विनंती करते.’ सोप्यावर बसणारे ते गृहस्थ आता नव्वदीच्या घरात आहेत. कागदाची पहिली प्रत त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा खाली ओढून ती दोनदा वाचली आणि विचारलं, ‘कोंकणींतय छापशी मरे?’ दोन्ही भाषांत छापतो आहे.